कराराचे उरलेले एकोणीस महिने

करारावर सही केली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, आणि तो करार मी नीट वाचला नव्हता. मॅट्रिकपर्यंत शिकलो होतो, वाचता येत होतं. पण कचेरीच्या खिडकीतून आवारात उभे असलेले तीन ट्रक दिसत होते, आणि त्यांच्याकडे पाठ करून कागद वाचत बसणं मला जमलं नाही.

आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. वडिलांना मी आण्णा म्हणायचो. ते तरुणपणी सांगोला तालुक्यातल्या एका खेड्यातून आले आणि गिरणीत लागले. वीस वर्षं शहरात काढूनही त्यांची बोली गावचीच राहिली. मी एका सुताच्या दुकानात कामाला होतो. दुकानासमोर ट्रक लागला की माझं हातातल्या कामावरून लक्ष उडायचं. ड्रायव्हर गाडी मागं घेताना मी फळीवरून उठून बाहेर जायचो आणि काही कारण नसताना "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत उभा राहायचो. मालकानं दोनदा ताकीद दिली होती.

त्या काळी ट्रक चालवायला शिकायचं म्हणजे आधी क्लीनर व्हायचं. चार-पाच वर्षं गाडी धुवायची, शिव्या खायच्या, आणि एखाद्या दिवशी ड्रायव्हरची मर्जी झाली तर मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हातात यायचं. शहरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीनं मात्र वेगळीच पद्धत काढली. शिकलेली पोरं निवडायची, सहा महिने कंपनीच्या खर्चानं शिकवायची, हेवी लायसन काढून द्यायचं, आणि त्याबदल्यात सही केल्यापासून तीन वर्षं त्यांनी फक्त कंपनीचीच गाडी चालवायची. मुदतीआधी सोडलं तर शिकवण्याचा सगळा खर्च भरून द्यायचा. आणि एक कलम असंही होतं की मुदत संपेपर्यंत लायसन कंपनीच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या, कपाटात राहील. गाडी घेऊन निघताना कारकुनानं ते मालाच्या बिल्टीबरोबर हातात द्यायचं, परत आल्यावर काढून घ्यायचं.

आण्णांनी जामीन म्हणून सही केली. त्यांनी मात्र करार वाचला, बोट फिरवत, दोनदा. लायसनच्या कलमावर थांबून त्यांनी कारकुनाला विचारलं, त्यानं सांगितलं की ही आपली पद्धत आहे. बाहेर आल्यावर आण्णा म्हणाले, "तीन वर्सं लई हायत. पर तुजं तोंड बगितलं आन सही केली."

आम्ही सात जण होतो. शिकवायला जो माणूस नेमला होता त्याला सगळी कंपनी उस्ताद म्हणायची, शेठसुद्धा. उंच, किडकिडीत, पन्नाशीचा. डाव्या हाताचं मधलं बोट कधीतरी जॅकखाली चेचलेलं. शेठची पहिली एकुलती गाडी होती तेव्हापासून तो ड्रायव्हर. वीस वर्षं त्यानं हैदराबादचा रस्ता केला होता, आणि साडेतीन वर्षांपूर्वी नवे ड्रायव्हर तयार करायला म्हणून शेठनं त्याला रस्त्यावरून काढून शहराबाहेरच्या शिकवणीच्या माळावर आणलं होतं. आमच्याशी तो दखनी उर्दूत बोलायचा.

पहिले आठ दिवस त्यानं आम्हाला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. आम्हाला मागं रिकाम्या हौद्यात बसवायचा आणि स्वतः गाडी चालवायचा. इंजिनाचा आवाज ऐकायचा, गिअर बदलायची वेळ झाली असं वाटलं की ओरडायचं. शहराबाहेरच्या रस्त्यानं ट्रक चाललाय आणि मागं सात जवान माणसं डोळे मिटून "आता, आता" करत ओरडतायत, हे बघून बैलगाडीवाले गाडी कडेला घ्यायचे. आधी आमचे सातही आवाज वेगवेगळ्या वेळी यायचे. आठव्या दिवशी नाक्यापासून माळापर्यंत आम्ही एकदाही चुकलो नाही. उस्ताद खाली उतरला, म्हणाला, "अब कान खुले." मग एकेकाला पुढं बोलावलं.

मला त्या दिवसांची अजूनही चव आठवते. डबल क्लच मारायचा, मधे नेमका तेवढाच रेस द्यायचा, आणि मग गिअर टाकायचा. चुकलं की गिअरचे दात कुरकुरायचे आणि उस्ताद स्वतःचेच दात दुखल्यासारखं तोंड करायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी माझा तिसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. पुन्हा टाकून बघितला, पुन्हा तसाच. उस्तादनं खिशातली डबी काढून माझ्यापुढं सुपारी धरली. त्या दिवशी घरी जाताना मी पायानं क्लच दाबत आणि हातानं हवेत गिअर टाकत आख्खी पेठ ओलांडली.

लायसन मिळालं. काही महिने जुन्या ड्रायव्हरांच्या हाताखाली गेले, आणि मग एक गाडी माझ्याकडे आली. चादरी, टॉवेल, सुताची गाठोडी घेऊन हैदराबादला जायचं आणि मिळेल तो माल घेऊन यायचं. क्लीनर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा होता आणि मला नावानं हाक मारायचा, त्याचंही मला काही वाटत नव्हतं. मी खूश होतो. आमच्यातले दोघं मात्र तोवर पळाले. एकानं विजापूरला पेट्रोल पंपावर गाडी उभी केली आणि तिथूनच नाहीसा झाला. दुसऱ्यानं लायसन हरवलं असं पोलिसात लिहून दिलं, दुसरी प्रत काढली आणि मुंबई गाठली. दोन्ही वेळा शेठनं उस्तादला सगळ्यांसमोर बोलून घेतलं. उस्ताद मान खाली घालून उभा होता, ते मी पाहिलं होतं.

मग बहात्तर साल आलं आणि पाऊस आलाच नाही. कंपनीच्या निम्म्या गाड्या दुष्काळी कामाकडे वळल्या. कुणी धान्य नेत होतं, कुणी कडबा, कुणी टिकाव-फावडी. हिवाळ्याच्या शेवटी मला सांगोला तालुक्यातल्या एका खेड्यात लोखंडी पाइप पोचवायला पाठवलं. पाइप कशासाठी, हे कारकुनालाही माहीत नव्हतं.

गाव यायच्या दोन किलोमीटर आधीपासून मला आवाज ऐकू यायला लागला. इंजिनासारखा, पण इंजिनाच्या दसपट. खाली काहीतरी आदळत होतं आणि वर हवा सुटत होती. गावाबाहेर पडीक जमिनीवर एक भला मोठा ट्रक उभा होता. त्याच्या पाठीवर दोन मजली घराएवढा लोखंडी मनोरा, शेजारी चाकांवरचा कॉम्प्रेसर, आणि मनोऱ्याखालून दगडाचं राखाडी पीठ आभाळात उडत होतं. झाडं, बैल, बघायला बसलेली माणसं, सगळं राखाडी झालं होतं. एका मदत करणाऱ्या संस्थेनं पाठवलेलं ते बोअर मारायचं यंत्र होतं. आपल्याकडे विहीर म्हणजे सुरुंग, घमेली आणि दोन उन्हाळे. हे यंत्र एका दिवसात पाषाण फोडून दीडशे-दोनशे फूट खाली जातं, असं मला तिथल्या शाळामास्तरांनी कानाशी ओरडून सांगितलं. मला ते खरं वाटलं नाही.

यंत्र चालवणारा मुख्य माणूस मद्रासकडचा होता. त्याला सगळे मेस्त्री म्हणत. तोंडाला टॉवेल, डोळ्यांवर चष्मा, हिंदी मोडकंतोडकं. पाइप उतरवून घ्यायला त्याची माणसं मोकळी नव्हती, म्हणून मला थांबायला सांगितलं. मी अगदी जवळ जाऊन उभा राहिलो. अर्धा तास झाला असेल. एकाएकी मला वाटलं की आवाज बदलला. फार नाही, चढावर गाडीचा आवाज किंचित बसतो, तेवढाच. मी मेस्त्रीच्या खांद्याला हात लावला आणि कानाकडे बोट दाखवलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग वाकून उडणाऱ्या पिठात हात धरला. मूठ चोळून माझ्यापुढं उघडली. पीठ दमट होतं.

पुढच्या काही मिनिटांत पीठ उडायचं थांबलं. आधी चिखल आला, भकाभका, काळा. मग पातळ झाला. मग पाणी आलं. घराच्या उंचीएवढं पाणी सरळ वर गेलं आणि आमच्या अंगावर पडलं.

माणसं ओरडली नाहीत. सगळे एकदम घराकडे पळाले, घागरी, बादल्या, पराती आणायला. मास्तरांनी शाळा सोडली का शाळा आपोआप सुटली, कुणास ठाऊक. धुवट धोतर नेसलेला एक म्हातारा मात्र पळाला नाही. तो त्या पाण्याखाली तसाच उभा राहिला, पटक्यातून चिखल गळतोय, डोळे मिटलेले. मी नखशिखान्त भिजलो होतो आणि मोठ्यानं हसत होतो. का हसतोय ते मला कळत नव्हतं, आणि हसू आवरतही नव्हतं.

दुपारी कळलं की यंत्राचा ड्रायव्हर तंबूत तापानं पडलाय. पुढच्या गावाला संध्याकाळपर्यंत पोचायचं ठरलेलं, गाव बारा किलोमीटरवर, आणि गाडी हलवणारं कुणी नाही. मेस्त्रीनं मला विचारलं. माझा क्लीनर म्हणाला की हे करारात बसत नाही, परत वेळेवर गेलं पाहिजे. त्याचं बरोबर होतं. मी त्याला आमच्या गाडीजवळ थांबायला सांगितलं आणि यंत्राच्या केबिनमध्ये चढलो.

असली गाडी मी कधी हाकली नव्हती. सगळं वजन मागं, मनोरा आडवा करून केबिनच्या वरून पुढं आलेला, आणि शेपटीला कॉम्प्रेसर. वळणावर आपण वळलो तरी मागचं वळायला वेळ घ्यायचं. फांद्या मनोऱ्याला घासून मोडत होत्या. मधे कोरडा ओढा होता, पात्रात नुसती वाळू. पाणी लागलं त्या गावची माणसं बरोबर चालत होती. त्यांनी न सांगता तुराट्या आणि दगड आणून वाळूवर अंथरले. मी उतरून ओढा चालत पार केला, परत आलो, पहिला गिअर टाकला आणि ठरवलं की काही झालं तरी पाय उचलायचा नाही. मध्यावर मागची चाकं बसायला लागली. इंजिन कण्हत होतं, तुराट्या कडाकडा मोडत होत्या, स्टेअरिंग हातातून निसटायला बघत होतं. मग पुढच्या चाकांना काठ लागला आणि ते सगळं धूड हळूहळू वर आलं. माझा सदरा पाठीला चिकटला होता. मला वाटलं, आता परत जाऊन पुन्हा एकदा ओढा पार करावा.

पुढच्या गावची माणसं वेशीबाहेर येऊन थांबली होती. गाडी दिसल्यावर ती वाटेच्या दोन्ही कडांनी बरोबर चालायला लागली. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, सगळे यंत्राकडे बघत होते. तेच मला फार आवडलं.

उतरल्यावर मेस्त्री म्हणाला की त्यांचा ड्रायव्हर आता गावी जाणार, परत येणार नाही, तू ये. पगार कमी, राहायला तंबू, आणि दर एक-दोन दिवसांनी गाव बदलायचं. मी करार आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, महिनाभर वाट बघू, तोवर जवळच्या गावातून मिळेल तो ड्रायव्हर धरून काम रेटू.

सोलापूरला मी एक दिवस उशिरा पोचलो. कारकुनानं जाब विचारला, लायसन घेतलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. सही करून सतरा महिने झाले होते, आणि लायसन मिळाल्यापासून दर खेपेला तो हेच करत होता. पण किल्ली फिरल्याचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

क्लीनरनं सल्ला दिला की त्या मुंबईला पळालेल्यानं केलं तसं कर, हरवलं म्हणून लिहून दे. मी अर्ज लिहिलासुद्धा. चौकीच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो, कारण आत जाऊन काय बोलायचं याचा सराव करताना मला उस्तादची खाली घातलेली मान दिसायला लागली. घरी येऊन आण्णांना सगळं सांगितलं, अर्जही दाखवला. त्यांनी तो वाचला आणि घडी करून मला परत दिला.

"सही म्या केलीया," ते म्हणाले. "तू पळालास तर दारात मानूस माज्या येनार. त्येचं मी बगीन. पर खोटं लिवून दिऊ नगं."

मग त्यांनी गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या गावापासून ते गाव दोन कोसांवर. लहानपणी मेंढरं घेऊन ते त्या पडकात हिंडले होते. "तितं पानी? तितं नुसता खडक हाय." मी घराएवढं उंच पाणी उडाल्याचं पुन्हा सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना.

पुढच्या रविवारी ते सकाळच्या एस.टी.नं एकटेच गेले. कुठं जातोय ते आईलाही सांगितलं नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होऊन वाळलेलं होतं. त्या बोअरवर तोवर हापसा बसवला होता.

"म्या सोता हापसला," ते म्हणाले. "बायांनी रांगंत उबं केलं, मंग पाळी आली. दोन घागरी भरून दिल्या. गोड हाय की पानी." जेवताना ते पुन्हा तेच सांगत राहिले, हापसा कुठं बसवलाय, दांडा किती जड आहे, पाणी कितव्या खेपेला येतं. ताटावरून उठताना म्हणाले, "तुज्या शेटकडं मी येतो संगं."

पण आधी उस्तादला सांगणं भाग होतं. मी माळावर गेलो. तिथं पाच नवी पोरं दोन पिंपांमधून गाडी मागं घ्यायला शिकत होती. मी बोलायला सुरुवात केली, आणि सोडायचं आहे एवढं ऐकल्यावर उस्ताद पाठ फिरवून पिंपांकडे निघून गेला. तासभर थांबलो, त्यानं वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी त्यानंच बोलावलं.

"भागने वाला है क्या?"

मी म्हणालो, नाही. शेठकडे जाऊन विचारणार आहे. त्यांनी नाही म्हटलं तर एकोणीस महिने इथंच गाडी चालवीन.

तो बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "गाडी कैसी है वो?"

मी सांगायला लागलो आणि त्याचा चेहरा बदलत गेला. वजन किती, मागं किती चाकं, मनोरा केबिनच्या किती पुढं येतो. ओढ्याची गोष्ट त्यानं दोनदा सांगायला लावली. कुठल्या गिअरमध्ये घातलीस, रेस किती ठेवलास, मध्यावर चाकं बसली तेव्हा काय केलंस. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्यानं कपाळाला हात लावला. "रेती में टायर की हवा कम करते रे. मैं सिकाया नैं तेरेकू?" शिकवलं नव्हतं. ते त्याच्याही लक्षात आलं आणि तो हसला. मग त्यानं तिथंच जमिनीवर काटकीनं टायर काढून मला हवा किती कमी करायची ते समजावलं. पाचही पोरं भोवती येऊन बसली. असा उजळलेला चेहरा मी त्याचा सहा महिन्यांच्या शिकवणीत कधी बघितला नव्हता.

मी, आण्णा आणि आपणहून बरोबर आलेला उस्ताद, असे आम्ही तिघं शेठकडे गेलो. आण्णा गिरणीतून सुटून तसेच आले होते, अंगावर कापसाची तुसं. शेठनं करार मागवला, टेबलावर पसरला आणि आण्णांची सही दाखवली. त्याचा सूर चढा नव्हता. पगार जास्त मिळतोय का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, कमी आहे. मग कशाला? मी पाण्याचं सांगायला लागलो, पण दोन वाक्यांत माझी जीभ अडखळली. जे माळावर भडाभडा बोललो होतो ते त्या टेबलापुढं सुचेना. आण्णा मधे पडले आणि म्हणाले, मी ते पाणी पिऊन आलोय. शेठ म्हणाला, पाणी चांगलंच असेल, पण माझी गाडी एकोणीस महिने कोण चालवणार?

"मैं चलाता," उस्ताद म्हणाला.

कारकुनाचं लिहिणं थांबलं. मी आणि आण्णा उस्तादकडे बघायला लागलो. हे त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं.

शेठनं विचारलं, "आणि शिकवणार कोण?"

"किसकू सिकाऊं, शेठ? सिकते और भागते. ये पयला है जो पूछने कू आया." उस्तादचा आवाज शांत होता. "पाच साल हो गए, मैं उस माळ पे गोल गोल फिरतूं. मेरेकू रोड पे जाने दो."

शेठ उस्तादकडे बघत होता. एकुलत्या गाडीच्या दिवसांत दोघांनी एकाच ताटात जेवण केलं होतं, असं कंपनीत सांगत. शेवटी त्यानं विचारलं, हे आधी का नाही बोललास. उस्ताद म्हणाला, तुम्ही विचारलं नाही. शेठला हसू आलं, त्यानं ते दाबलं. शिकवण्याच्या खर्चाचं काय, असं त्यानं एकदा काढलं, पण उस्तादनं नुसती मान वर करून बघितल्यावर तो विषय तिथंच राहिला. ठरलं ते असं: महिनाअखेरपर्यंत ठरलेल्या खेपा मी पुऱ्या करायच्या, त्यानंतर गाडी उस्तादची. माळावरच्या पाच पोरांना त्यानं तोवर शिकवून संपवायचं, मग ही शिकवणी बंद. कारकुनानं करारावर आडवं लिहिलं की दोन्ही बाजूंच्या संमतीनं करार संपला. शेठनं सही केली, मी केली, आणि आण्णांनी तेवढी एक ओळही बोट फिरवत दोनदा वाचूनच सही केली.

महिनाअखेरीला लायसन माझ्या हातात आलं. इतके महिने ते जवळ बाळगून गाड्या चालवल्या होत्या, पण उघडून नीट कधी बघितलं नव्हतं. फोटोतला मी घाबरलेला दिसत होतो. मी ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि घरापर्यंत चार वेळा वरून चाचपून बघितलं. आईनं पिशवी भरून भाकरी आणि शेंगाची चटणी दिली, दोन वाकळा दिल्या, आणि तंबूत विंचू असतात ते तरी विचारलंस का, म्हणाली. विचारलं नव्हतं.

निघायच्या आधी मी आवारात गेलो. त्या सकाळी उस्तादची पहिली खेप होती. त्यानं नवा सदरा घातला होता, दाढी करून आला होता, आणि माझ्या गाडीच्या काचा स्वतः पुसत होता. क्लच फार खाल्लास म्हणून मला बोलला, ब्रेक बरे ठेवलेस म्हणाला. चादरींची गाठोडी भरून झाली, ताडपत्री बांधली. तो चढला, सीट दोनदा पुढं-मागं केली, आणि गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ नुसता ऐकत बसला. मग आवाराबाहेर काढली. फाटकातून वळताना त्यानं लांबच लांब हॉर्न दिला. गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. पन्नाशीचा माणूस शाळा सुटल्यासारखा निघाला होता.

मी तिथूनच स्टँडवर गेलो आणि मंगळवेढ्याची एस.टी. पकडली. यंत्र तोवर मंगळवेढ्याच्या बाजूला गेलं होतं.

पुढं मी सहा वर्षं त्या यंत्रावर होतो. उस्तादनं चार वर्षं हैदराबादचा रस्ता केला, मग नजर कमी झाली म्हणून स्वतःहून गाडी सोडली. शेठ एकदा सोलापुरात यंत्र दुरुस्तीला उभं होतं तेव्हा बघायला आला, दोन फेऱ्या मारल्या, टायरला हात लावून बघितला आणि काही न विचारता गेला. आण्णा गिरणीत जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या गोष्टी सांगायचे. मी न केलेल्या गोष्टीही सांगायचे.

पण मला सगळ्यात लख्ख आठवतो तो पहिला आठवडा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पहिलं बोअर कोरडं गेलं. दोनशे फूट गेलो, नुसतं पीठ. माणसं सकाळपासून घागरी घेऊन बसली होती, ती रिकाम्या घागरी घेऊन उठली. एक बाई मेस्त्रीला म्हणाली, तुमी तरी काय करनार. दुसऱ्या गावीही तेच झालं. मी इतक्या उत्साहानं आलो होतो आणि दोन गावांतून मान वर न करता गाडी बाहेर काढली. मेस्त्रीला विचारलं, नेहमी असं होतं का? तो म्हणाला, होतं, पाचात दोनदा-तीनदा होतं, तुला पहिल्याच दिवशी पाणी दिसलं हे तुझं नशीब. मला वाटलं होतं हे ऐकून मी खचेन. पण मी त्याला पुढच्या गावची वाट कशी आहे, ओढा आहे का, वळण किती अरुंद आहे, हेच विचारत सुटलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दोन माणसं सायकलवरून वाट दाखवायला आली. त्यांच्या गावात आजवर मोटार आली नव्हती, आणि गल्लीतून एवढं मोठं जाईल की नाही याची त्यांना काळजी होती. आदल्या दिवशी त्यांनी एका घराचा ओटा फोडून ठेवला होता. घरमालक त्या दोघांतलाच एक होता. मी गाडी सुरू केली आणि ते दोघं सायकली मारत पुढं निघाले, दर थोड्या वेळानं मागं वळून आम्ही येतोय का ते बघत.